गाडी सरळ का चालत नाही? स्टिअरिंगचा दोष शोधायची पद्धत

आजचा भाग गाडीवाल्यांसाठी आहे. आणि ज्यांच्याकडे अजून गाडी नाही, पण सेकंड हँड घ्यायचा विचार चालू आहे, त्यांनी तर शेवटपर्यंत ऐकाच.

विषय सांगते. हायवेला लागलात, काटा ऐंशी-नव्वदच्या वर गेला. रस्ता सरळ, स्टिअरिंग सरळ, पण गाडी सरळ नाही. थोडी डावीकडे जाते, तुम्ही सावरता. मग थोडी उजवीकडे जाते, पुन्हा सावरता. पुण्याहून कोल्हापूरला पोहोचेपर्यंत खांदे भरून येतात. शहरात यातलं काहीच जाणवत नाही, कारण तिथे आपण तसंही सारखं वळवतच असतो. म्हणून वर्ष वर्ष लोक अशीच गाडी चालवतात आणि म्हणतात, "जुनी झाली ना, आता असंच चालायचं."

असंच नाही चालायचं. थोडं गणित करू. ताशी १०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण २८ मीटर. गाडीचं तोंड फक्त एक अंश भलतीकडे वळलं, तर एका सेकंदात ती जवळपास अर्धा मीटर बाजूला सरकते. आपल्याकडे हायवेची एक लेन साडेतीन ते पावणेचार मीटरची. छोटी गाडी पावणेदोन मीटरच्या आसपास रुंद. म्हणजे दोन्ही बाजूला जेमतेम एक-एक मीटर उरतो. तुम्ही दोन सेकंद फोनच्या मॅपकडे बघितलं की तो मीटर संपला, आणि शेजारच्या लेनमध्ये ट्रक आहे. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेच्या सपाट भागात कारला १०० ची मर्यादा आहे, समृद्धीवर १२० ची. त्या स्पीडला हा प्रश्न खांदे दुखण्यापुरता राहत नाही.

दुसरी गोष्ट पैशाची. स्टिअरिंगची तक्रार घेऊन गेलात की तीन वेगवेगळ्या गॅरेजमध्ये तीन वेगवेगळी उत्तरं मिळतात. एक म्हणतो अलाइनमेंट करा, दुसरा म्हणतो टायर बदला, तिसरा म्हणतो रॅक गेला. रॅक बदलायचा म्हटला की बिल सहज पाच आकडी होतं. आणि कितीतरी वेळा खरा दोष काहीशे रुपयांच्या रबरी बुशमध्ये असतो. म्हणून पार्ट बदलण्याआधी दोष शोधायचा, आणि तो एका क्रमाने शोधायचा. आज तो क्रम सांगणार आहे.

आधी तक्रार नीट मांडा

मी दिवसभर सॉफ्टवेअरमधले बग शोधते. आमच्याकडे कोणी "ॲप चालत नाही" एवढंच लिहून पाठवलं तर आम्ही कपाळावर हात मारतो. कुठे चालत नाही? कधीपासून? काय केल्यावर? गाडीचंही तेच आहे. "स्टिअरिंग खराब आहे" ही तक्रार नाही. त्यात निदान पाच वेगळ्या तक्रारी लपलेल्या असतात.

पहिली, गाडी ओढते. म्हणजे कायम एकाच बाजूला जाते.

दुसरी, गाडी भरकटते. कधी डावीकडे, कधी उजवीकडे, नेम नाही.

तिसरी, स्टिअरिंगमध्ये खेळ आहे. मेकॅनिक ज्याला प्ले म्हणतात तो. स्टिअरिंग थोडं फिरवलं तरी सुरुवातीला काहीच होत नाही, आणि मग एकदम गाडी वळते.

चौथी, वळण संपलं तरी स्टिअरिंग आपोआप मधे येत नाही. तुम्हालाच ओढून आणावं लागतं.

पाचवी, स्टिअरिंग थरथरतं. ठरावीक स्पीडला हातात कंप येतो. हा बहुतेक वेळा व्हील बॅलन्सिंगचा किंवा वाकलेल्या रिमचा विषय असतो. आपल्या आजच्या विषयाशी त्याची गल्लत करू नका. बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट ही दोन वेगळी कामं आहेत. बिलावर ती एकत्र येतात म्हणून आपल्याला एकच वाटतात.

आता फोनच्या नोट्समध्ये चार ओळी लिहा. कधीपासून होतंय? त्याच्या आधी काय बदललं? नवे टायर, अलाइनमेंट, मोठ्या खड्ड्यात आपटलेली गाडी, सीएनजी किट, डेंटिंग-पेंटिंग? ब्रेक दाबल्यावर फरक पडतो का? ॲक्सिलरेटर दिल्यावर आणि सोडल्यावर? गाडी भरलेली असताना आणि रिकामी असताना? या चार ओळींनी अर्धं काम होतं, खरंच.

एक सांगून ठेवते. गाडी कुठे जाते हे बघायला हायवेला स्टिअरिंग सोडून देऊ नका. रिकामा, सरळ रस्ता, कमी स्पीड, आणि पकड सैल केली तरी हात स्टिअरिंगच्या जवळच.

रस्ता आणि वारा

गाडीला दोष देण्याआधी रस्ता बघा. आपल्याकडचे बरेच रस्ते पाणी वाहून जावं म्हणून मधे उंच आणि कडेला उतरते असतात. आपण डावीकडून चालवतो, त्यामुळे गाडी हळूहळू डावीकडे जाणं बऱ्यापैकी नॉर्मल आहे. ते तपासायची सोपी युक्ती अशी: रुंद, सपाट जागेवर चालवून बघा, किंवा रस्त्याचा उतार उजवीकडे असेल अशा ठिकाणी चालवा. उतार बदलल्यावर गाडीने बाजू बदलली, तर गाडी निर्दोष आहे.

डांबरी रस्त्यावर ट्रकच्या चाकांनी दोन लांब खाचा पडलेल्या असतात, त्याही गाडीला धरून नेतात. रुंद टायर बसवले असतील तर जास्तच. आणि घाट संपल्यावर किंवा पुलावर आडवा वारा लागला, की उंच गाड्या हलतातच. हे सगळं वगळून, वेगळ्या रस्त्यावर, वेगळ्या दिशेने जातानाही तोच त्रास होत असेल, तर पुढे चला.

टायर: सगळ्यात स्वस्त तपासणी

आधी हवा. थंड टायरमध्ये बघायची. म्हणजे सकाळी, गाडी फार चाललेली नसताना. आकडा पेट्रोल पंपावरच्या मुलाला विचारायचा नाही. ड्रायव्हरचा दरवाजा उघडा, तिथे खांबावर स्टिकर असतो, त्यावर पुढचा-मागचा आकडा लिहिलेला असतो. छोट्या गाड्यांत तो बहुतेक तिशीच्या आसपास असतो. टायरवर मॅक्स म्हणून छापलेला आकडा ही टायरची कमाल मर्यादा आहे, तुमच्या गाडीची शिफारस नाही. "हायवेला चाललोय, चाळीस मार" असं करू नका. हवा जास्त झाली की टायर प्रत्येक उंचवट्यावर उडतो आणि गाडी चंचल होते. हवा कमी असली की टायरची बाजू पिळवटते आणि स्टिअरिंग रबरासारखं लागतं. नायट्रोजन भरा नाहीतर साधी हवा, आकडा बरोबर हवा.

मागच्या टायरची हवा विसरू नका. मागचा एक टायर मऊ झाला की गाडीचा पार्श्वभाग डोलतो, आणि आपल्याला वाटतं स्टिअरिंग लूज आहे.

मग वय. टायरच्या बाजूला डीओटीनंतर शेवटचे चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालातला तेविसावा आठवडा. सेकंड हँड गाडीत टायरची नक्षी छान दिसते, पण रबर दगड झालेलं असतं. असे टायर बघून भुलू नका. नक्षीची कायदेशीर मर्यादा १.६ मिलिमीटर आहे. खाचांमध्ये जे छोटे उंचवटे असतात, त्यांच्या पातळीला रबर आलं की टायर संपला.

मग झीज. हात टायरवरून आडवा फिरवा, आधी बाहेरून आत, मग आतून बाहेर. काच आणि तारा नाहीत ना ते बघून. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं लागलं, तर टायर घासत चाललाय, म्हणजे टो बिघडलाय. टो म्हणजे काय ते पुढे सांगते. फक्त आतली किंवा फक्त बाहेरची कड खाल्ली असेल तर तीही नोंद करून ठेवा.

आणि गाडी एकाच बाजूला ओढत असेल तर एक फुकटचा प्रयोग आहे. पुढचे दोन टायर डावे-उजवे अदलाबदल करा. ओढायची बाजू बदलली, तर दोष टायरमध्ये आहे. बदलली नाही, तर टायर सुटले. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर मात्र ही अदलाबदल करायची नाही.

हे सगळं करताना व्हील नट घट्ट आहेत का ते पान्याने बघून घ्या. पंक्चर काढून आल्यावर एक नट सैल राहणं ही घडणारी गोष्ट आहे, आणि ती सगळ्यात धोक्याची आहे.

वजन कुठे आहे?

स्टिअरिंगला पकड पुढच्या चाकांवरच्या वजनामुळे मिळते. डिकीत भरमसाठ सामान टाकलं की मागचा भाग बसतो आणि पुढचा हलका होतो. सीएनजी किटचं टाकी-बिकी धरून वजन साधारण ऐंशी-शंभर किलो असतं, आणि त्यातलं बहुतेक डिकीत. बाहेरून किट बसवलं आणि मागच्या स्प्रिंग त्याच जुन्या राहिल्या, तर हा फरक कायमचा होतो. गाडी सपाट जागेवर उभी करून बाजूने फोटो काढा. मागून बसलेली दिसते का बघा.

शॉकअब्सॉर्बर, म्हणजे गॅरेजच्या भाषेत शॉकअप, संपले असतील तर उंचवट्यानंतर गाडी होडीसारखी दोन-तीनदा वरखाली होते. तेवढ्या वेळात टायरचा रस्त्याशी संपर्क कमी-जास्त होतो, आणि गाडी भरकटते. शॉकअपवर तेल ओघळलेलं दिसलं तर तो गेलेला आहे.

आता साखळी तपासायची

इथपर्यंत तुम्ही पाना फारसा हातात घेतलेला नाही. आता मुख्य तपासणी.

स्टिअरिंगपासून चाकापर्यंत एक साखळी आहे असं समजा. स्टिअरिंग, त्याच्याखाली कॉलम, मग एक-दोन युनिव्हर्सल जॉइंट, मग रॅक. रॅकच्या दोन्ही टोकांना रॅक एंड, त्यापुढे टाय रॉड एंड, आणि मग चाकाचा नकल. चाक स्वतः खालून लोअर आर्मला बॉल जॉइंटने धरलेलं असतं, आणि लोअर आर्म गाडीच्या सांगाड्याला रबरी बुशने.

तुम्ही हाताने दिलेली हालचाल या साखळीतून चाकापर्यंत पोहोचली पाहिजे. कुठेतरी ती हरवते. आपल्याला शोधायचंय की हालचाल कुठपर्यंत पोहोचते आणि कुठून पुढे पोहोचत नाही. आम्ही कोडमध्येही हेच करतो. मधे एका ठिकाणी थांबून बघायचं की इथपर्यंत डेटा बरोबर आला का. आला असेल तर दोष पुढे, नसेल तर मागे.

यासाठी दोन माणसं लागतात. गाडी चाकांवर उभी, हँडब्रेक लावलेला, न्यूट्रल, इंजिन चालू. एकाने स्टिअरिंग अगदी थोडं डावीकडे-उजवीकडे हलवत राहायचं, घड्याळात अकरा ते एक वाजेपर्यंत काटा जातो तेवढंच. दुसऱ्याने एकेक जोड बघायचा. बॉनेट उघडं असेल तर पंखा आणि बेल्टपासून हात, केस, ओढणी लांब. मायबाप हो, नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरायचं नाही. खालून बघायचं असेल तर गॅरेजच्या रॅम्पवर बघा. ही तपासणी पाच मिनिटांची आहे आणि चांगला फिटर ती आनंदाने करून देतो.

काय बघायचं? टाय रॉड हलतोय पण नकल अर्धा सेकंद उशिरा हलतो, तर टाय रॉड एंड गेला. रॅकचा दांडा हलतो, पण टाय रॉड थांबलेला, तर रॅक एंड. कॉलमचा दांडा फिरतो पण रॅकचा शाफ्ट फिरत नाही, तर मधला जॉइंट. आणि अख्खा रॅकच त्याच्या जागेवर डावीकडे-उजवीकडे सरकतोय, तर रॅक आत चांगला आहे, तो धरून ठेवणारे बुश किंवा बोल्ट सैल आहेत. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा. कारण इथेच विनाकारण अख्खा रॅक बदलला जातो.

दुसरी तपासणी चाक उचलून. गाडी फर्स्ट गिअरमध्ये, मागच्या चाकांना दगड किंवा ठोकळा, जॅकबरोबर खाली स्टँड. चाक तीन आणि नऊच्या जागी धरून आत-बाहेर हलवा. खेळ लागला तर टाय रॉड एंड किंवा रॅक एंड. मग बारा आणि सहाच्या जागी धरून हलवा. इथे खेळ लागला तर बॉल जॉइंट किंवा व्हील बेअरिंग. या दोघांतला कोण? मित्राला ब्रेक दाबायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर बेअरिंग. तसाच राहिला तर बॉल जॉइंट.

सैल नाही, घट्ट

आता असा भाग, जो बऱ्याच जणांना माहीत नसतो. स्टिअरिंग सैल नसतानाही गाडी भरकटते. कारण ते कुठेतरी अडकत असतं.

सुपरमार्केटमधल्या ट्रॉलीचं चाक बघा. ढकललं की ते आपोआप मागे जाऊन सरळ होतं, कारण फिरायचा खुंट पुढे आहे आणि चाक त्याच्या मागे ओढलं जातं. गाडीच्या पुढच्या चाकांनाही असाच एक तिरपा अक्ष दिलेला असतो. त्याला कॅस्टर म्हणतात. वळण संपलं की स्टिअरिंग आपोआप मधे येतं ते मुख्यतः त्याच्यामुळे. पण आत कुठे जोड गंजला असेल, तर ही परत आणणारी ताकद त्या घर्षणात मरते. मग तुम्ही एक बारीक करेक्शन देता, स्टिअरिंग तिथेच राहतं, गाडी तिकडे जात राहते. तुम्ही उलटं करेक्शन देता, ते तिथे राहतं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं गाडी भरकटतेय.

अडकण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. शॉकअपच्या वरचं माउंट आणि त्याचं बेअरिंग, सुकलेला बॉल जॉइंट, कॉलमचा गंजलेला जॉइंट, आणि गरजेपेक्षा जास्त घट्ट केलेला रॅक. रॅकला एक ॲडजस्टर असतो. "लूज वाटतंय, टाइट करून देतो" म्हणत तो पिळला जातो. पाच मिनिटांचं काम, आणि गाडी आधीपेक्षा वाईट.

तपासायला रिकाम्या मैदानात हळू वळसा घ्या आणि पकड सैल करा. स्टिअरिंग स्वतःहून बऱ्यापैकी मधे आलं पाहिजे. किंवा पुढची दोन्ही चाकं स्टँडवर घेऊन, इंजिन बंद ठेवून, हाताने या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. सगळीकडे सारखं लागलं पाहिजे. घट्ट-सैल-घट्ट असं लागलं तर कॉलमच्या जॉइंटवर संशय घ्या.

दाजींची गाडी

हे सगळं एकत्र कसं येतं ते सांगते. माझ्या दाजींनी नऊ वर्षं जुनी हॅचबॅक घेतली. महिन्यात दोनदा अलाइनमेंट झाली. दोन्ही वेळा मशीनचा कागद हिरवागार. गाडी तशीच. मग दुसऱ्या एका ठिकाणी रॅक टाइट करून घेतला. गाडी आणखी बिघडली. तिसऱ्या ठिकाणी नवीन रॅकचं एस्टिमेट मिळालं. ताई तिच्याबरोबर मुलांना पाठवायला तयार नव्हती.

मी विचारलं, "दाजी, गाडी ओढते की भरकटते?"

"अगं, वाकडी चालते. आणखी काय सांगू?"

"ब्रेक मारल्यावर कुठे जाते?"

हे त्यांनी कधी बघितलंच नव्हतं. आम्ही रविवारी सकाळी रिकाम्या रस्त्यावर गेलो. ब्रेक मारला की गाडी डावीकडे चुकायची. ॲक्सिलरेटर दिला की उजवीकडे. ही फार मोलाची खूण आहे. ब्रेक आणि ॲक्सिलरेटरने दिशा बदलते, याचा अर्थ जोर आला की एक चाक आपल्या जागेवरून पुढे-मागे सरकतंय. ब्रेकचा दोषही असू शकतो, म्हणून कॅलिपर अडकलेला नाही ना तेही बघून घेतलं. टायरमध्ये हवा चाळीस होती, ती स्टिकरप्रमाणे केली. थोडा फरक पडला, पण मूळ त्रास राहिला.

मग रॅम्पवर. टाय रॉड चांगले, बॉल जॉइंट चांगले. फिटरने टॉमी लावून डाव्या लोअर आर्मचा मागचा बुश दाबला आणि म्हणाला, "ताई, इकडे बघा." रबर पूर्ण फाटलं होतं. अख्खा आर्म पुढे-मागे जात होता.

मग अलाइनमेंटचा कागद हिरवा का? कारण मशीन गाडी उभी असताना मोजतं. तेव्हा चाकावर ब्रेकचा जोर नाही, इंजिनचा जोर नाही, त्यामुळे चाक आपल्या जागेवर शांत उभं असतं. रस्त्यावर जोर आला की ते सरकतं. मशीन खोटं बोलत नव्हतं, त्याला तो प्रश्न विचारलेलाच नव्हता.

दोन्ही बाजूंचे बुश बदलले, रॅकचा ॲडजस्टर कंपनीच्या मापाला परत आणला, आणि सगळ्यात शेवटी अलाइनमेंट केली. गाडी सरळ. नवीन रॅक लागला नाही.

अलाइनमेंट शेवटी, आणि कागद घेऊन

म्हणून नियम असा: सैल पार्ट आधी, अलाइनमेंट नंतर. सैल जोडावर केलेली अलाइनमेंट पुढच्या खड्ड्यापर्यंत टिकते.

कागदावर तीन शब्द असतात. टो म्हणजे गाडी वरून बघितली तर चाकांची पुढची टोकं आत वळलीत की बाहेर. आपण पंजे आत किंवा बाहेर टाकून चालतो ना, तसं. पुढची चाकं बाहेर फाकली असतील तर गाडी जराशा कारणाने इकडेतिकडे धावते. कॅम्बर म्हणजे समोरून बघितलं तर चाक वरून आत कललंय की बाहेर. आणि कॅस्टर आपण बघितला.

बहुतेक छोट्या गाड्यांत पुढचा टो एवढाच ॲडजस्ट होतो. मग कॅस्टर किंवा कॅम्बर लाल दाखवत असेल, डाव्या-उजव्यात मोठा फरक असेल, तर काहीतरी वाकलंय किंवा सरकलंय. आर्म, स्ट्रट किंवा खालची सबफ्रेम. सेकंड हँड गाडी घेताना हा कागद सोन्यासारखा आहे. नवा पेंट अपघात लपवतो, कॅस्टरचा आकडा सहज लपवता येत नाही. पैसे देण्याआधी स्वतःच्या खर्चाने अलाइनमेंट चेक करून घ्या, आणि आधीचा-नंतरचा असे दोन्ही आकडे मागा.

मागच्या चाकांचे आकडेही बघा. मागचा ॲक्सल थोडा तिरका बसला असेल तर गाडी खेकड्यासारखी चालते, आणि सरळ जाण्यासाठी स्टिअरिंग वाकडं धरावं लागतं. पुढचं सगळं बदलूनही त्रास जात नसेल, तर मागच्या ॲक्सलचे बुश बघितलेत का, एवढा एक प्रश्न विचारा.

इलेक्ट्रिक स्टिअरिंगचं काय?

आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांत इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग आहे. कॉलममध्ये एक छोटी दांडी असते. तुम्ही स्टिअरिंग फिरवलं की ती किंचित पिळते, सेन्सर तो पीळ मोजतो आणि मोटर त्या हिशोबाने मदत करते. काही गाड्या नव्या असतानाही मधल्या जागी हलक्या आणि मुक्या वाटतात, तो डिझाइनचा भाग आहे. शक्य असेल तर त्याच मॉडेलची दुसरी गाडी चालवून तुलना करा.

डॅशबोर्डवर स्टिअरिंगचा दिवा लागला असेल, किंवा मदत मधेच येते-जाते असं वाटत असेल, तर स्कॅनर लावून कोड वाचून घ्या, आणि बॅटरी तपासा. काही गाड्यांत अलाइनमेंटनंतर स्टिअरिंग अँगल सेन्सर पुन्हा शून्यावर आणावा लागतो. पण सॉफ्टवेअरवाली असूनही सांगते, संशय आधी रबरावर आणि लोखंडावर घ्या. ते झिजतं.

आणि कोणाकडे जिप्सीसारखी जुनी गाडी असेल, तर तिच्यात रॅक नसतो, स्टिअरिंग बॉक्स असतो. तिथे थोडा खेळ मुळातच असतो. तो शून्यावर आणायच्या नादात बॉक्स पिळू नका. आधी बाहेरचे जोड आणि पाट्यांचे बुश बघा.

गाडी कधी थांबवायची

तीन वेळा गाडी चालवत गॅरेजलाही नेऊ नका, मेकॅनिकला बोलवा किंवा टो करून न्या. एक, बॉल जॉइंट किंवा टाय रॉड एंडमध्ये स्पष्ट खडखडता खेळ आहे. तो सुटला तर चाक मनाला येईल तिकडे वळतं. दोन, स्टिअरिंग मधेच अडकतं. तीन, कालपर्यंत ठीक असलेली गाडी आज अचानक बिघडली. झीज हळूहळू होते. अचानक झालेला बदल म्हणजे काहीतरी तुटलंय, सुटलंय किंवा हवा गेलीय.

बाकी वेळी गॅरेजमध्ये गेल्यावर "स्टिअरिंगचं बघा जरा" असं म्हणू नका. म्हणा, "दादा, ऐंशीच्या वर भरकटते, ब्रेकवर डावीकडे जाते, हवा स्टिकरप्रमाणे आहे, टायर अदलाबदल करून बघितले. एकदा रॅम्पवर घेऊन बुश आणि जोड दाखवता का?" दाखवता का, हा शब्द महत्त्वाचा. खेळ डोळ्यांना दिसतो. जो पार्ट बदलायचा आहे त्याचा खेळ समोर दाखवा, मग बदला. एका वेळी एक गोष्ट बदला, चालवून बघा, नोंद करा. चार गोष्टी एकदम बदलल्या तर गाडी सुधारेल कदाचित, पण कशाने सुधारली ते कधीच कळणार नाही, आणि तीन पार्टचे पैसे फुकट गेलेले असतील.

तर या रविवारी एवढंच करा. दरवाज्याचा स्टिकर वाचा, हवा बघा, टायरवरून हात फिरवा, आणि रिकाम्या रस्त्यावर एकदा ब्रेक मारून गाडी कुठे जाते ते बघा. अर्धा तास लागेल. तुमच्या गाडीत काय सापडलं ते व्हॉइस नोट करून पाठवा, पुढच्या भागात त्यावर बोलू. तोपर्यंत दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवा, आणि हा भाग चालवताना ऐकत असाल तर फोन खिशातच राहू द्या. भेटू लवकरच!